निचरा

वऱ्हाडात राहून होडीच्या इंजिनावर, आणि तेही गोठवणाऱ्या थंडीतल्या इंजिनावर, लिहायला बसावे, याचे वाचकांना हसू येईल. आमच्या अमरावती-अकोल्याची ख्याती उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की लोक पंख्याखाली ओली चादर पांघरून पडतात. बर्फाशी आमचा संबंध रसवंतीपुरता आणि काडीवरच्या गोळ्यापुरता. फार तर एखाद्या कडक थंडीच्या लाटेत चिखलदऱ्याला, मेळघाटाच्या पठारावर, पहाटे गवतावरचे दव गोठल्याचे वर्तमानपत्रात छापून येते आणि आम्ही ते कौतुकाने एकमेकांना वाचून दाखवतो. होड्या म्हणाल, तर त्या मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर मासेमारांच्या किंवा पावसाळ्यात पुराच्या बंदोबस्ताच्या.

तरीही हा विषय आमच्या घरात शिरला आणि गेली काही वर्षे आगमनकाळ जवळ आला की आमच्या मनात घर करून बसतो. त्याचे कारण आमचे थोरले बंधू.

आमचे वडील तेलइंजिनांचे मिस्त्री होते. परतवाड्याला त्यांचे छोटेसे दुकान होते. कपाशीच्या आणि संत्र्याच्या बागाईतदारांची, विहिरीवर चालणारी डिझेल इंजिने त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. पौष महिन्यात पहाटे इंजिन सुरू करणे हे एक दिव्यच असे. वंगण घट्ट झालेले, लोखंड गारठलेले. दोन धडधाकट गडी हँडल मारून घामाघूम होत, पण इंजिन ढिम्म. मग वडील काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळीत, ती डिझेलात बुडवून पेटवीत आणि हवा आत ओढणाऱ्या तोंडाशी धरीत. कोमट हवा आत गेली की इंजिन एकदा खोकायचे, दुसऱ्यांदा शिंकायचे आणि मग काळा धूर सोडीत लयीत धडधडू लागायचे. आम्ही दोघे भाऊ त्या वेळी टाळ्या पिटत असू.

हंगाम संपला की वडील प्रत्येक शेतकऱ्याला एकच गोष्ट बजावीत : इंजिनातले पाणी काढून टाक. सिलिंडरभोवती लोखंडाचा जो पोकळ अंगरखा असतो, त्यातून थंड करणारे पाणी फिरते. ते तसेच राहिले तर आमच्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने आत पुटे चढतात, गंज धरतो. वडिलांच्या लेखी पाणी काढण्याचे कारण एवढेच होते. त्या पाण्याचे याहून भयंकर रूप पाहणे आमच्या दादांच्या नशिबी होते.

दादा १९८४ साली सैन्यात गेले. हातात वडिलांची विद्या होती, त्यामुळे वाहने आणि यंत्रे सांभाळणाऱ्या शाखेत त्यांची निवड झाली. नव्वदीच्या दशकात दोन हिवाळे त्यांनी लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरात काढले. हे सरोवर समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. लांबी १३० किलोमीटरच्या पुढे. काही भाग आपल्याकडे, मोठा भाग पलीकडे. पाणी मचूळ, तरीही हिवाळ्यात ते इतके गोठते की त्यावरून माणसे चालू शकतात. अशा पाण्यावरही गस्तीच्या होड्या चालतात. १९६२ च्या युद्धात सिरिजापच्या चौकीच्या मदतीला होड्याच धाडल्या होत्या, आणि त्यांतली एक शत्रूच्या माऱ्याने बुडाली. पुढे २०२१ च्या जानेवारीत आपल्या सेनेने अशाच उंचावरच्या जलाशयांतील गस्तीसाठी १२ वेगवान नौकांचा करार केला, तो वास्कोच्या गोवा शिपयार्डशी. ती बातमी वाचून आम्हांला मौज वाटली. ज्या गोव्यात आपल्या अमरावतीच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष आहेत, त्या दमट, उबदार किनाऱ्यावर बांधलेल्या होड्या हिमालयातल्या बर्फाळ पाण्यावर जाणार!

दादा सुट्टीवर आले की आम्ही त्यांना त्या होड्यांविषयी खोदून खोदून विचारीत असू. वऱ्हाडी माणसाला सगळ्यात मोठे कोडे हे, की एवढ्या थंडीत इंजिन जगते कसे? दादा बोलायला लागले की वडिलांच्याच थाटात सांगत, आणि वडील मान हलवीत ऐकत.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणी गोठताना आकसत नाही, फुगते. आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. एवढीशी वाढ, पण बंदिस्त जागेत तिला वाट मिळाली नाही तर ओतीव लोखंडही तिच्यापुढे टिकत नाही. ओतीव लोखंड वाकत नसते, ते तडकते. म्हणून होडी पाण्याबाहेर काढली की इंजिनाचे, पंपाचे, नळ्यांचे, धूर निघण्याच्या मार्गाभोवतालचे सगळे बूच उघडायचे आणि थेंब न थेंब खाली उतरू द्यायचा. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचे जे इंजिन असते, ते काढल्यावर उभेच ठेवायचे. ते आडवे किंवा तिरपे ठेवले तर पाणी आत अडून बसते. त्याच्या तळाच्या गिअरपेटीतले तेल काढून पाहायचे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले की समजायचे, कुठल्या तरी सीलमधून पाणी आत शिरले आहे. ते सील बदलल्याशिवाय हिवाळ्याला सामोरे जायचे नाही.

ज्या इंजिनात थंडाव्याचे पाणी बंद चक्रात फिरते, त्यात नुसते पाणी चालत नाही. ग्लायकॉल नावाचे द्रव्य निम्मे आणि पाणी निम्मे असे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठत नाही. पण लोकांची सवय अशी, की पातळी कमी दिसली की वरून साधे पाणी ओतायचे. असे चार वेळा ओतले की मिश्रण पातळ होते आणि रंग तोच दिसत असला तरी त्यातले बळ गेलेले असते. हे द्रव्य विषारी असून चवीला गोड असते. ते जमिनीवर सांडू द्यायचे नाही. जनावरे चाटतात आणि मरतात.

दुसरी गोष्ट इंधनाची. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत तो गोठून दाणे धरतो, गाळणीत अडकतो आणि इंजिन उपाशी मरते. त्या काळी लोक टाकीखाली शेकोटी करण्याचे जिवावरचे धाडस करीत. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, तेव्हा दादांना फार समाधान वाटले. पेट्रोलला मेणाचा त्रास नाही. पण टाकी अर्धी रिकामी ठेवली तर त्या पोकळीतल्या दमट हवेचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि नळीत गोठते. टाकी भरलेली असली की पोकळी उरत नाही.

तिसरी बॅटरीची. पूर्ण भारलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांतही द्रव राहते, उतरलेल्या बॅटरीतले मात्र उणे १० च्या आसपासही गोठू शकते. म्हणून बॅटरी काढून आत, माणसांच्या जवळ ठेवायची आणि अधूनमधून भारायची. हे ऐकून आमची आई म्हणाली होती, “म्हणजे माणसासारखंच. भरल्या पोटी थंडी सोसते.”

चौथी गोष्ट धीराची. गारठलेल्या इंजिनावर उकळते पाणी ओतायचे नाही. एकाएकी तापलेले लोखंड तडा धरते. सुरू झाल्याबरोबर वेग द्यायचा नाही. वंगण घट्ट असते, ते वरपर्यंत पोहोचायला अवधी लागतो. त्या उंचीवर हवा विरळ, दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे इंजिनाचाही श्वास पुरत नाही. त्याच्याकडून मैदानातल्याइतक्या कामाची अपेक्षा धरायची नाही.

हे सगळे ऐकताना आम्हांला वाटे, दादा किती जाणतात! पण ज्या एका गोष्टीतून ते हे सगळे शिकले, ती त्यांनी कित्येक वर्षे सांगितली नाही. त्याला कारण आम्हीच होतो.

२००४ साली वडील देवाघरी गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. दुकान बंद पडले. दादा सैन्यात, आम्ही अमरावतीला नोकरीत. २००६ साली दुकानाची जागा विकायचे ठरले. व्यवहार आम्ही पाहिला. दादांनी दुरून कागदांवर सह्या केल्या आणि फक्त वडिलांचे स्वतःचे जुने पाच अश्वशक्तीचे इंजिन मागून घेतले. ते पुढे ट्रकने अकोल्याला गेले. कारण निवृत्तीनंतर दादांनी तिथे घर केले. विक्रीच्या पैशांची वाटणी बरोबर झाली, असे सगळ्यांना वाटले. पण घेणाऱ्याने आधी रोख दिलेला २०,००० रुपयांचा बयाणा आम्ही हिशेबात धरला नव्हता. त्या वर्षी आमच्याकडे आजारपण होते, हात तंगीत होता. पुढे देऊ, असे मनाशी म्हटले. मग पुढे सांगू, असे म्हटले. मग काहीच म्हटले नाही.

भांडण कधी झाले नाही. तसे झाले असते तर बरे, असे आता वाटते. आम्ही दादांकडे जाणे कमी केले, इतकेच. बडनेऱ्याहून गाडीत बसले की दोन तासांच्या आत अकोला येते. पण मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, तब्येत, अशी कारणे मिळत गेली. ज्याचे आपण काही लपवले आहे त्याच्या डोळ्यांत पाहणे जड जाते, आणि मग त्याच्याच स्वभावात आपण खोट शोधू लागतो. दादा तुसडे आहेत, सैन्यातली माणसे अशीच, असे आम्ही घरात बोलू लागलो. मिस्सेला नियमाने जात होतो, प्रायश्चित्त संस्कारही घेत होतो. फादरांपुढे रागाची, आळसाची कबुली देत होतो. बयाण्याची मात्र कधी दिली नाही. त्याला पाप म्हणायचेच आम्ही टाळले होते.

२०२१ च्या जुलैत अतिवृष्टी झाली आणि मोर्णेच्या पुराचे पाणी अकोल्यातल्या अनेक वस्त्यांत शिरले. दादांच्या घरात कमरेइतके पाणी आल्याचे कळले, तेव्हा मात्र आम्हांला राहवले नाही. पाणी ओसरल्यावर सतरंज्या, चादरी, धान्य घेऊन गेलो. दादा अंगणात, चिखलात बसून काही तरी उघडत होते. ते होडीवरचे एक इंजिन होते. पुराच्या रात्री माणसे काढण्यासाठी आणलेल्या एका होडीचे इंजिन ऐन वेळी सुरूच झाले नव्हते. वल्ही मारून होडी न्यावी लागली होती. कुणी तरी दादांची विद्या आठवून ते त्यांच्याकडे आणून टाकले होते.

दादांनी ते आम्हांला दाखवले. गेल्या पावसाळ्यानंतर ते तसेच आडवे टाकून दिलेले. कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल सुकून चिकट डिंक झालेला. तळाच्या पेटीतले तेल दुधाळ. “बर्फ नाही तं काही होत नाही, असं वाटते लोकायले,” दादा म्हणाले. “अरे, इंजिन थंडीनं नाही मरत. अंदर राह्यलेल्या पाण्यानं मरते. तिकडे एका रातीत मरते, इकडे सालभर मरत राह्यते.”

आणि मग हात पुसता पुसता त्यांनी ती गोष्ट सांगितली.

लडाखमधल्या त्यांच्या पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडाशी होड्या बाहेर काढल्या होत्या. एका इंजिनाचे तीन बूच उघडून पाणी काढण्याचे काम दादांकडे होते. दोन बुचांतून पाणी धो धो आले. तिसरे, सगळ्यात खालचे, पंपामागे, हाताला न दिसणारे. ते उघडले तर दोनचार थेंब आले आणि थांबले. दादांना वाटले, संपले. वास्तविक भोकाच्या तोंडाशी गाळ बसला होता. तार घालून भोक मोकळे करायचे असते, हे त्यांना वडिलांनी लहानपणीच शिकवले होते. पण बोटे बधिर झाली होती, वारा कापत होता, अंधार पडत होता. त्यांनी बूच परत लावले आणि वहीत काम पुरे झाल्याची खूण केली.

वसंतात इंजिन तपासले तेव्हा लोखंडाला वीतभर तडा होता. आत राहिलेले पाणी असेल कपभर. एवढ्या लांबून, एवढ्या घाटांवरून आणलेले यंत्र निकामी झाले. मधल्या महिन्यांत अनेकांचे हात त्या इंजिनाला लागले होते. दोष कुणावर ठेवावा, हे कुणालाच सांगता आले नसते. एका दुसऱ्या जवानाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दादा दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे. तार घातली नव्हती.

“शिक्षा झाली,” दादा म्हणाले. ती कोणती, हे त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. “पन त्या राती झोप लागली.”

आम्ही अमरावतीला परतलो ते गप्प गप्प. गाडी मूर्तिजापूरला थांबली, चहावाला ओरडत गेला. आम्हांला काही ऐकू आले नाही. डोळ्यांपुढे ते तिसरे बूच होते. आमच्याही वहीत वर्षानुवर्षे काम पुरे झाल्याची खूण केलेली होती. दोन बुचांतून पाणी धो धो वाहिले, तेवढ्यावर आम्ही समाधान मानले होते. सगळ्यात खालच्या जागी, गाळामागे, कपभर पाणी तसेच होते आणि त्याने दोघा भावांमध्ये तडा पाडला होता.

तरीही आम्हांला आणखी पाच महिने लागले. माणसाचे हात बधिर व्हायला लडाखची थंडी लागत नाही. डिसेंबरच्या ३ तारखेला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण झाला. आगमनकाळ सुरू होता. प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही फादरांपुढे गुडघे टेकले आणि प्रथमच ते वीस हजार उच्चारले. फादर शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारले, “हे भावाला सांगितले आहे का?” वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याविषयी प्रभूने जे सांगितले आहे, ते आम्ही मिस्सेत किती वेळा ऐकले असेल, ते आपल्यासाठी आहे, असे त्या दिवशी वाटले.

नाताळाच्या आठ दिवस आधी आम्ही अकोल्याला गेलो. पाकिटात पैसे होते. दादा परसात होते. तिथे पत्र्याच्या छपराखाली वडिलांचे ते जुने इंजिन आहे. दादा ते अजून चालते ठेवतात, महिन्यातून एकदा सुरू करतात. त्या दिवशी ते त्यातले पाणी काढीत होते. आम्ही शेजारी बसलो. दादांनी आमच्या हातात तार दिली. आम्ही खालच्या भोकात तार घातली, गाळ खरवडला, आणि तांबूस, गंजलेले पाणी भळभळ बाहेर आले. ते वाहत असतानाच आम्ही बोलायला सुरुवात केली. आधी जुळवून ठेवलेले एकही वाक्य आठवले नाही. जसे आले तसे सांगितले आणि पाकीट पुढे ठेवले.

दादा काही वेळ बोलले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. पैशांपेक्षा पंधरा वर्षांचे दुःख त्यांना अधिक झाले असावे. वहिनींनी वाढलेले जेवण त्या दुपारी त्यांनी अर्धवट टाकले. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा म्हणाले, “लहान्या, तेव्हाच मागतले असते तं मी तुले सारेच देल्ले असते.” हे वाक्य शिक्षेसारखे लागले. शिक्षा होती, हे योग्यच होते. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली.

नाताळाच्या दिवशी दादा-वहिनी अमरावतीला आले. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर कॅथेड्रलच्या आवारात बोचरी थंडी होती. दादांनी आपला जुना लष्करी कोट काढून आमच्या नातवाच्या अंगावर घातला. त्या पैशांचे काय केले, ते त्यांनी नंतर सांगितले : दादांनी त्यातून त्या पुराच्या होडीच्या इंजिनाचे सील, पंपाचा पंखा आणि नवे तेल घेतले. आता दरवर्षी पावसाळा सरला की ते स्वतः जाऊन ते इंजिन धुतात, निथळवतात, उभे करून ठेवतात. आम्हीही जातो. तार धरण्याचे काम आमचे.

वाचकहो, तडा सांधता येतो. पण सांधलेले लोखंड अखंड लोखंडासारखे होत नाही, हे दादाच सांगतात. आमच्या नात्यातही सांधा आहे आणि तो हाताला लागतो. अशा इंजिनाला जपून चालवायचे, हळू तापू द्यायचे, वारंवार पाहत राहायचे, एवढे आम्ही शिकलो आहोत. पाळण्यातल्या बाळासाठी आपण घर झाडतो, गोठा सजवतो, करंज्या तळतो. ते सगळे करावेच. पण थंडी पडण्याआधी एकदा खालचे बूच उघडावे, आणि पाणी थांबले म्हणून संपले असे समजू नये. तार घालून पाहावी.